बदललेले फुफ्फुस आणि जन्मभराच्या गोळ्या

एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्या भावाची दोन्ही फुफ्फुसे दोन वर्षांपूर्वी चेन्नईत बदलण्यात आली. आता प्रकृती छान आहे, दोन जिने न थांबता चढतो, वजनही भरले आहे. पुढे त्या लिहितात, "सगळे ठीक असताना या गोळ्या आणखी किती दिवस घ्यायच्या? महिन्याचा खर्च झेपत नाही. हात थरथरतात, साखरही वाढली आहे. थोड्या थोड्या कमी करीत बंद केल्या तर चालेल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. चालणार नाही. बंद करणे तर दूरच, आपल्या मनाने अर्धी गोळीही कमी करायची नाही. परंतु नुसते 'नाही' म्हणून ज्याच्या घरात दर महिन्याला औषधांचे बिल येते त्याचे समाधान होत नसते, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. म्हणून आजचे सदर या एकाच प्रश्नासाठी ठेवले आहे.

नव्या माणसाला गावात प्रवेश

एखाद्या खेड्यात अनोळखी माणूस आला की पारावर बसलेली मंडळी लगेच विचारतात, "कोणाकडचे पाहुणे?" आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी हेच काम अहोरात्र करीत असतात. शरीरातील प्रत्येक पेशीच्या अंगावर तिची ओळख सांगणाऱ्या खुणा असतात. दुसऱ्याचे फुफ्फुस बसवले की त्याच्या खुणा वेगळ्या निघतात. मग 'टी' जातीच्या पेशी दवंडी पिटतात, त्यांची फौज वाढते आणि नव्या अवयवावर हल्ला होतो. यालाच रिजेक्शन, म्हणजे शरीराने अवयव नाकारणे म्हणतात.

हा नकार दोन प्रकारचा. पहिला तीव्र, तो बहुधा पहिल्या वर्षात येतो. ताप, दम, खोकला, कधी काहीच लक्षण नाही आणि तपासणीत सापडतो. दुर्बिणीने फुफ्फुसाचा तुकडा काढून निदान होते, तीन दिवस स्टेरॉइडची मोठी इंजेक्शने दिली की बहुतेक वेळा तो आटोक्यात येतो. दुसरा जुनाट. खरा शत्रू हा. तो पावलांचा आवाज न करता येतो. श्वासनलिका एखाद्या झाडासारखी फुटत फुटत जाते, तिच्या शेवटच्या, दोन मिलिमीटरहूनही बारीक फांद्यांच्या आत व्रण धरतो आणि त्या बुजत जातात. फुफ्फुसात गेलेली हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे हृदय व फुफ्फुसे एकत्र बदललेल्या रुग्णांत हा प्रकार 1980 नंतरच्या काही वर्षांत प्रथम नीट ओळखला गेला. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2011 साली त्याचे आणखी एक रूप वेगळे काढले, त्यात नळ्या बुजण्यापेक्षा फुफ्फुसच कडक होऊन आक्रसते. आता या सगळ्याला मिळून 'क्लॅड' असे आद्याक्षरांचे नाव आहे. बुजलेली नळी कोणत्याही औषधाने पुन्हा उघडत नाही. म्हणून इथे उपचारापेक्षा प्रतिबंधाला किंमत.

फुफ्फुस बदललेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पहिल्या पाच वर्षांत हा जुनाट नकार गाठतो. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांहून अधिक जगतात, निम्मे त्याआधी जातात. मूत्रपिंडाचे आकडे याहून पुष्कळ बरे आहेत. असे का, हे सांगणे सोपे आहे. मूत्रपिंड पोटात मागे झाकलेले असते. फुफ्फुस मात्र उघड्या दारासारखे आहे. दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर जाते आणि तिच्याबरोबर धूळ, धूर, जंतू, बुरशी सगळे येते. दारात रोज भांडण होत असेल तर घरातील पहारेकरी सतत जागे राहतात, आणि जागे पहारेकरी पाहुण्यालाही सोडत नाहीत. म्हणून फुफ्फुसाच्या रुग्णाला औषधेही मूत्रपिंडाच्या रुग्णापेक्षा जड लागतात.

मातीतून आलेली औषधे

पहिले मानवी फुफ्फुस डॉ. जेम्स हार्डी यांनी 11 जून 1963 रोजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे बसवले. रुग्ण 18 दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर मिळून चाळीसेक प्रयत्न झाले आणि जवळजवळ सगळे फसले. बेल्जियममधील एक रुग्ण तेवढा दहा महिने जगला. शस्त्रक्रिया करणारे हात कुशल होते, त्यांत उणे नव्हते. उणे होते ते औषधात. त्या वेळी हाताशी होती ती अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड. अ‍ॅझाथायोप्रिनच्या मागे ज्यांचे संशोधन होते त्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चे नोबेल मिळाले, म्हणजे औषध काही किरकोळ नव्हते. परंतु त्याने भागेना म्हणून स्टेरॉइड भरमसाट द्यावे लागे, आणि स्टेरॉइडने श्वासनलिकेचा टाका भरून येत नसे. टाका उसवला की रुग्ण गेला.

वाट सापडली ती मातीत. नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरून एका स्विस औषध कंपनीच्या माणसाने सुट्टीच्या प्रवासात मातीचा नमुना आणला होता. त्यातील बुरशीपासून बाझेल येथील सँडोझ कंपनीत सायक्लोस्पोरिन निघाले. ते प्रतिकारशक्तीला लगाम घालते, पण बाकीच्या रक्तपेशींना फारसे मारत नाही, हे 1972 साली लक्षात आले. स्टॅनफर्ड येथे 1981 साली हृदय व फुफ्फुसे एकत्र बसवलेली महिला या औषधाच्या जोरावर पाच वर्षे जगली. टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांनी नोव्हेंबर 1983 मध्ये एक फुफ्फुस बदललेला रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला. तिथून या शस्त्रक्रियेचे दिवस पालटले.

पुढचे औषधही मातीतलेच. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या जंतूपासून 1984 साली टॅक्रोलिमस मिळाले. तिसरे सिरोलिमस. ते पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून 1964 साली आणलेल्या मातीतून, आणि ते शोधून काढण्यात डॉ. सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला मातीची थोरवी सांगायला नको, पण डॉक्टरांनाही ती मान्य करावी लागली. (सिरोलिमस मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेच देत नाहीत, टाका भरायला ते आड येते. पुढे मूत्रपिंडे थकली की त्याचा उपयोग होतो.)

आज बहुतेक केंद्रांत तीन औषधे जोडीने चालतात. टॅक्रोलिमस 'टी' पेशींची दवंडीच बंद पाडते. मायकोफिनोलेट फौजेची नवी भरती थांबवते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकंदर आग शमवते. तिघांचे काम वेगळे आहे, म्हणून प्रत्येकाची मात्रा थोडी ठेवता येते. यांतले एक काढले की उरलेल्या दोघांवर सगळा भार पडतो, आणि तो त्यांना पेलत नाही.

यांपैकी मुख्य औषध कोणते असावे, सायक्लोस्पोरिन की टॅक्रोलिमस, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधील पाच केंद्रांनी एकत्र येऊन तो बराचसा मिटवला. 2016 ते 2019 या काळात फुफ्फुसे बदललेल्या 249 रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला सायक्लोस्पोरिन, दुसऱ्याला दिवसातून एकदाच घ्यायचे टॅक्रोलिमस. निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत जुनाट नकार सायक्लोस्पोरिनच्या गटात 39 टक्के, टॅक्रोलिमसच्या गटात 13 टक्के. औषधाच्या निवडीने इतका फरक पडतो, तर औषध न घेण्याने किती पडत असेल याचा ताईंनीच अंदाज करावा.

आणखी एका प्रयोगाची आठवण देतो, कारण त्याच्या बातम्या ऐकून रुग्ण विचारत येतात. फुफ्फुसाचे औषध फुफ्फुसातच का सोडू नये, अशा विचाराने पिट्सबर्ग येथे 58 रुग्णांवर वाफाऱ्यातून सायक्लोस्पोरिन देऊन पाहिले. निकाल 2006 साली आला. औषध मिळालेल्या 28 पैकी तिघे दगावले, नुसता वाफारा मिळालेल्या 30 पैकी चौदा. जुनाट नकारही निम्म्याने कमी. सर्वांना मोठी आशा वाटली. पण नंतरच्या मोठ्या चाचणीत तो फायदा टिकला नाही. कल्पना अजून सोडून दिलेली नाही, मात्र आज कोणी वाफाऱ्याच्या भरवशावर गोळ्या सोडायला सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. बेल्जियममधील लूव्हेन येथील डॉक्टरांनी मात्र अ‍ॅझिथ्रोमायसिन हे साधे प्रतिजैविक आठवड्यातून तीन दिवस, शस्त्रक्रियेनंतर लवकर सुरू केले तर नळ्या बुजण्याचे प्रमाण घटते असे 2011 साली दाखवले, आणि पुष्कळ केंद्रे ते आता वापरतात. घशाच्या दुखण्याला मिळते तीच ही गोळी, परंतु येथे ती जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करण्यासाठी असते. तीही केंद्राने लिहून दिली तरच.

एक सही आणि सातशे मिलिलिटर

शेजारच्या तालुक्यातील एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे येतात. फुफ्फुस कडक होण्याच्या आजाराने ते ऑक्सिजनवर होते. शस्त्रक्रिया झाली, गावी परतले, शेतावर जाऊ लागले. घरी फुंकून पाहण्याचे लहान यंत्र आहे. त्यांच्या पत्नी रोज सकाळी आकडा वहीत लिहितात. दुधाच्या हिशेबाच्या वहीचीच मागची पाने. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 2.8 लिटर, महिनोन् महिने 2.8.

टॅक्रोलिमसने हात थरथरतो, हे खरे आहे. बँकेत पेन्शन काढताना त्यांची सही जुळेना. काउंटरवरील मुलगा पुन्हा पुन्हा सही करायला लावी, मागे रांग उभी. माणूस मानी. त्यांनी कोणाला न सांगता रात्रीची गोळी सोडून दिली. हात थांबला, सही जुळली, आणि पाचेक महिने काहीच झाले नाही. ही पाच महिन्यांची फसवी शांतताच रुग्णाचा घात करते. मग वहीत 2.5 आले. बाईंनी मला दाखवले तेव्हा ते म्हणाले, "यंत्र बिघडले असेल." चेन्नईला फोन केला, त्यांनी बोलावले, पण भाताची कापणी चालू होती. जाईपर्यंत आकडा 2.2 वर आला होता.

उपचार झाले. रक्तातील औषधाची पातळी पुन्हा जागेवर आणली, इंजेक्शने दिली, अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडले. घसरण 2.1 वर थांबली आणि तिथेच टिकून आहे, हे त्यांचे नशीब. गेलेले 700 मिलिलिटर मात्र परत आले नाहीत. ते आता शेताच्या बांधापर्यंत जातात, पुढे जात नाहीत. थरथरीचे म्हणाल तर केंद्राने मात्रा थोडी बदलून ती बरीच कमी केली. बँकेने अंगठा घेतला. दोन्ही गोष्टी पहिल्याच महिन्यात विचारल्या असत्या तर झाल्या असत्या.

वहीतील आकड्यांचा अर्थ असा. शस्त्रक्रियेनंतरचे सर्वांत चांगले दोन आकडे घेऊन सरासरी काढतात, तो त्या रुग्णाचा पाया. त्यापासून दहा टक्के घट दिसली की फोन करायचा, दम लागो वा न लागो. वीस टक्के घट होऊन ती टिकली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर जुनाट नकार धरला जातो. दम लागेपर्यंत थांबणारा नेहमी उशिरा पोचतो. यंत्र महागडे नसते, पण रोज एकाच वेळी, बसून, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायला हवा.

रक्तातली पातळी

टॅक्रोलिमसची मात्रा गोळीवर ठरत नाही, रक्तात किती उरते त्यावर ठरते. थोडे कमी पडले तर नकार, थोडे जास्त झाले तर मूत्रपिंडावर आघात. मधली पट्टी अरुंद आहे. सकाळी आठ व रात्री आठ असे घेत असाल तर रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचे असते. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्त द्यायला निघालेला रुग्ण घरून चहाबरोबर गोळी घेऊन येतो, मग पातळी भरमसाट दिसते आणि कोणीतरी मात्रा उगाच कमी करते. गोळी खिशात घेऊन यावे, रक्त दिल्यावर घ्यावी. तसेच कंपनी बदलायची असेल तर आधी केंद्राला विचारून, आणि बदलल्यावर पातळी पुन्हा तपासून. दुकानदार "तेच औषध आहे" म्हणतो, तो खोटे बोलत नाही, पण या एका औषधाच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही.

दुसरी औषधे या पातळीला वर-खाली ओढतात, आणि आपल्या भागात नेमकी तीच औषधे सर्रास दिली जातात. गजकर्णासाठीच्या इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोलच्या गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबासाठीचे डिल्टियाझेम यांनी पातळी चढते. फिटसाठीच्या फेनिटॉइनने उतरते. सर्वांत धोक्याचे क्षयाचे रिफाम्पिसिन. यकृताला ते असे कामाला लावते की टॅक्रोलिमस रक्तात उरतच नाही, आठवड्याभरात पातळी तळाला जाते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका आपल्या देशात खराच आहे, तेव्हा निदान झाले तर सरकारी केंद्रातील कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे की फुफ्फुस बदललेले आहे. मग औषधे बदलून किंवा मात्रा वाढवून मार्ग निघतो. अंगदुखीची डायक्लोफिनॅकची सुई आणि आयबुप्रोफेन यांनी मूत्रपिंडे बिघडतात, कारण टॅक्रोलिमस आधीच त्यांच्यावर भार टाकत असते. दुखले तर पॅरासिटामॉल.

खाण्यातले एक फळ वर्ज्य. ग्रेपफ्रूट आपल्याकडे क्वचित मिळते, पण त्याचे जवळचे नातेवाईक पपनस कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघरी असते. ते या रुग्णाने खाऊ नये, पातळी चढते. नैवेद्याला ठेवायला हरकत नाही.

आणि काढे. 2020 नंतर प्रत्येक घरात प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी उकळत असते. गुळवेल, अमुक चूर्ण, तमुक रस. शेजारणी प्रेमाने आणून देतात. ज्या माणसाची प्रतिकारशक्ती तीन औषधे देऊन मुद्दाम खाली ठेवली आहे त्याला ती वर उचलणारे औषध देणे म्हणजे एका हाताने बंधारा घालायचा आणि दुसऱ्या हाताने फोडायचा. इतरांनी काढे घ्यावेत की नाही हा आज प्रश्न नाही. या रुग्णाने घेऊ नयेत.

दुसरी बाजू लपवून ठेवणे योग्य नाही. या गोळ्यांनी मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे हळूहळू थकतात, काही कर्करोगांचा, विशेषतः त्वचेच्या, धोका वाढतो. संसर्ग सहज होतात, म्हणून सोबत सेप्ट्रान व विषाणूविरोधी औषधे असतात. पुन्हा गंमत अशी की सायटोमेगॅलो नावाचा विषाणू, साधा फ्लू किंवा छातीतील बुरशी यांतून उठल्यावर जुनाट नकार यायची शक्यता वाढते. म्हणून फ्लूची लस दर वर्षी घ्यावी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र या रुग्णाला चालत नाहीत. कुजलेला पालापाचोळा, ओल्या भिंती, कणगीतील जुने धान्य उपसणे, कबुतरांची विष्ठा, ही कामे दुसऱ्या कोणीतरी करावीत. लूव्हेन येथील 2011 च्याच अभ्यासात मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्या रुग्णांत नकार व मृत्यू अधिक दिसले. घर तर कोणी उचलून नेत नाही, पण खाट रस्त्याकडच्या खोलीतून मागे नेता येते, आणि चुलीच्या धुरापासून व दिवाळीच्या फटाक्यांपासून लांब राहता येते.

जळजळीकडेही दुर्लक्ष नको. पोटातील आम्ल रात्री वर येऊन थेंबथेंब फुफ्फुसात उतरते आणि नव्या फुफ्फुसाची नळी पोळते. उशिरा जेवून लगेच आडवे होऊ नये, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालाव्यात. एवढ्याने न भागल्यास त्यावर शस्त्रक्रियाही आहे.

खर्चाचे उत्तर राहिले. गोळ्या परवडत नाहीत हे ताईंनी केंद्रातील समन्वयकाला स्पष्ट शब्दांत सांगावे. लाजायचे कारण नाही. कोणत्या कंपनीची स्वस्त गोळी चालेल, कोणते औषध काळानुसार कमी करता येईल, कोणत्या धर्मादाय निधीला अर्ज करायचा, हे त्यांना ठाऊक असते. मात्रा कमी होतेही, पहिल्या वर्षानंतर बहुतेकांची होते. पण ती पातळी पाहून, त्यांच्या हाताने.

तोवर एक करावे. घरात किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा असाव्यात. ही औषधे तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत, मागवावी लागतात, आणि पावसाळ्यात घाट बंद पडला किंवा दिवाळीत कुरिअर थांबले की चार दिवस सहज जातात. जादा पाकीट आणि वही एकाच डब्यात, घरातील सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी.